दाब मोजल्याशिवाय पट्टा नको

गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेले तरुण रुग्ण तपासणीला येतात, तेव्हा हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टर, मांडीला पट्टा आवळून व्यायाम केला की पाय लवकर भरतो म्हणे. जिममध्ये सुरू करू का?" सोबत मोबाइलवरचा व्हिडिओ असतो. एखादा परदेशी खेळाडू मांडीच्या अगदी वरच्या भागाला रुंद पट्टा बांधून बसलेला असतो. वजन हलकेच असते, पण पाय वर-खाली करताना त्याला दरदरून घाम फुटलेला असतो. काही उत्साही मंडळी तर विचारायलाही थांबत नाहीत. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून घरीच प्रयोग सुरू झालेला असतो.

मी अस्थिरोगतज्ज्ञ नाही, फिजिशियन आहे. सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेआधी 'फिटनेस' द्यायला आणि शस्त्रक्रियेनंतर पाय सुजला, दम लागला, की मत द्यायला आम्हाला बोलावतात. त्यामुळे या पट्ट्याच्या दोन्ही बाजू आमच्यासमोर येतात. ही पद्धत थोतांड नाही. तिच्यामागे विज्ञान आहे आणि योग्य रुग्णाला, योग्य वेळी तिचा चांगला उपयोग होतो. पण तिचा सगळा गुण पट्ट्यातल्या दाबाच्या आकड्यावर अवलंबून आहे, आणि व्हिडिओत नेमका तोच आकडा दिसत नाही. दुसरे असे, की या पट्ट्याच्या कौतुकात मूळ प्रश्न मागे पडतो: शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामाकडे आपल्याकडे उपचार म्हणून पाहिलेच जात नाही.

मांडी का रोडावते?

गुडघ्याच्या सांध्यात मधोमध, फुलीसारखी एकमेकांना छेदणारी दोन लिगामेंट असतात. लिगामेंट म्हणजे हाडाला हाडाशी बांधून ठेवणारा चिवट दोर, मराठीत अस्थिबंध. त्यांतले पुढचे म्हणजे अँटिरिअर क्रुशिएट लिगामेंट. सगळे त्याला एसीएल म्हणतात. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि गुडघ्याला पीळ बसण्यापासून वाचवणे हे त्याचे काम. कबड्डीत पाय रोवून अंग झटकन वळवले, फुटबॉल खेळताना धावता धावता दिशा बदलली, उडी मारून वेडेवाकडे उतरले किंवा दुचाकी घसरून पाय अडकला, की हा दोर तुटतो. ज्यांचा गुडघा वारंवार सटकतो किंवा ज्यांना मैदानावर परतायचे आहे, अशांच्या गुडघ्यात दुर्बिणीतून नवा दोर बसवतात. तो बहुतेक वेळा रुग्णाच्याच मांडीमागच्या स्नायूंच्या कंडरेचा किंवा गुडघ्याच्या वाटीजवळच्या कंडरेचा केलेला असतो. त्याला ग्राफ्ट म्हणतात.

शस्त्रक्रिया एक-दोन तासांत होते. खरी पडझड नंतर सुरू होते. दोन आठवड्यांत मांडी डोळ्यांना दिसेल इतकी बारीक होते. पँट एका पायात सैल वाटू लागते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात एमआरआयवर हे मोजले गेले. नेहमीचे उपचार घेणाऱ्या रुग्णांच्या मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ शस्त्रक्रियेनंतरच्या केवळ दोन आठवड्यांत सरासरी सुमारे २१ टक्क्यांनी घटले होते. पाचातला एक हिस्सा पंधरवड्यात गेला!

याला दोन कारणे आहेत. पहिले सगळ्यांना कळते: पाय वापरला नाही की स्नायू झिजतो. दुसरे फारसे कुणाला ठाऊक नसते. सांध्यात पाणी झाले की सांध्यातून मज्जारज्जूकडे जाणारे संदेश बदलतात आणि मज्जारज्जू मांडीच्या पुढच्या स्नायूला जणू कुलूप घालतो. रुग्ण मनापासून जोर लावतो, पण स्नायू पुरता आवळतच नाही. यासाठी फार पाणीही लागत नाही. निरोगी गुडघ्यात २० ते ३० मिलिलीटर, म्हणजे चहाचे चार-सहा चमचे द्रव मुद्दाम भरला, तरी मांडीच्या आतल्या बाजूच्या स्नायूची ताकद दबते, हे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून "पोरगं आळशी आहे, व्यायाम करत नाही" असे म्हणणाऱ्या वडिलांना मला नेहमी सांगावे लागते, की आळस थोडा असेलही, पण त्याचा स्नायू खरोखरच त्याचे ऐकत नाही.

मांडीचा पुढचा स्नायू हा गुडघ्याचा धक्के झेलणारा भाग आहे. जिना उतरताना, उडीवरून खाली येताना, बसमधून उतरताना शरीराचा भार तोच झेलतो. तो दुबळा राहिला तर भार कूर्चेवर आणि नव्या दोरावर पडतो. पुढे पुन्हा दुखापत होणे, गुडघा लवकर झिजणे या गोष्टींचा संबंध या दुबळेपणाशी आहे. म्हणजे शस्त्रक्रिया उत्तम झाली आणि मांडी परत आली नाही, तर काम अर्धेच झाले.

जड वजनाची अडचण

स्नायू वाढवायचा तर त्याला जड काम द्यावे लागते, हे व्यायामशाळेतला कुणीही सांगेल. एखादा माणूस एका दमात जास्तीत जास्त जेवढे वजन एकदा उचलू शकतो, त्याच्या साधारण ७० टक्के वजनाने व्यायाम केला तर ताकद चांगली वाढते, असा नेहमीचा दंडक आहे. समजा, एखादा तरुण पायाने ४० किलो एकदा उचलू शकतो. त्याला २८ किलोच्या आसपास काम करावे लागेल.

पण ज्याच्या गुडघ्यात महिन्यापूर्वीच नवा दोर बसवला आहे, त्याला २८ किलो कसे देणार? हाडात बसवलेला ग्राफ्ट तिथे रुजायला वेळ लागतो. पहिल्या काही महिन्यांत तो शरीराशी एकरूप होत असतो आणि त्या काळात कमजोर असतो. गुडघा सुजलेला, दुखरा असतो. जड वजनाने सूज वाढते, सूज वाढली की मघाशी सांगितलेले कुलूप आणखी घट्ट होते. असा हा पेच आहे: मांडीला जड काम हवे असते आणि गुडघ्याला ते सोसत नाही. पट्टा उपयोगी पडतो तो नेमका याच अवघड काळात.

वज्रासनातून निघालेली कल्पना

ही कल्पना जपानमधली. योशिआकी सातो यांनी सांगितलेली तिची जन्मकथा अशी: १९६६ साली एका बौद्ध धार्मिक विधीच्या वेळी ते बराच वेळ, आपल्या वज्रासनासारखे, टाचांवर बसले होते. पाय बधिर झाले, पोटऱ्या ताठरल्या. पोटऱ्या चोळताना त्यांना जाणवले, की जोरकस व्यायामानंतर स्नायू जसा फुगल्यासारखा वाटतो, तसेच हे वाटते आहे. मग रक्तप्रवाह थोडा अडवून हलका व्यायाम केला तर? सायकलच्या ट्यूब, दोऱ्या, पट्टे वापरून त्यांनी स्वतःवरच वर्षानुवर्षे प्रयोग केले. १९७३ मध्ये स्कीइंग करताना त्यांच्या घोट्याला आणि गुडघ्याला दुखापत झाली, तेव्हा प्लास्टरमधल्या पायावरही त्यांनी हा प्रयोग केला. पुढे या पद्धतीला 'कात्सू' हे नाव पडले. त्याचा अर्थ जादा दाब. या कथेचा एक भाग मात्र व्हिडिओवाले सांगत नाहीत. सुरुवातीच्या त्या बेहिशेबी प्रयोगांच्या काळात सातो यांना स्वतःलाच फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकल्यामुळे उपचार घ्यावे लागले होते.

नंतर अमेरिकी लष्कराच्या पुनर्वसन केंद्रात, स्फोटांत पाय जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी ही पद्धत वापरली गेली आणि तिथून ती खेळाडूंकडे आली. आज वैद्यकीय जगात तिला ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन, थोडक्यात बीएफआर म्हणतात. अर्थ सरळ आहे: रक्तप्रवाह मर्यादित ठेवून केलेला व्यायाम.

पट्टा बांधल्यावर नेमके काय होते? शुद्ध रक्त आणणाऱ्या रोहिण्या खोलवर आणि जाड भिंतीच्या असतात. अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या नीलांच्या भिंती पातळ असतात. ठरावीक दाब दिला की नीला जवळजवळ मिटतात, रोहिण्या अर्धवट उघड्या राहतात. रक्त पायात थोडे थोडे येत राहते, पण परत जायला वाट राहत नाही. अशा अवस्थेत हलक्या वजनाने पाय हलवला तरी स्नायूतला प्राणवायू लवकर कमी पडतो आणि श्रमातून तयार होणारी आम्ले साचतात. हलक्या कामात एरवी चिवट पण कमी ताकदीचे तंतू काम करतात आणि मोठे, जोरदार तंतू स्वस्थ बसलेले असतात. चिवट तंतू दमले की या मोठ्या तंतूंना कामाला लागावे लागते. मांडी भरण्यासाठी नेमके हेच तंतू जागे व्हायला हवे असतात. शिवाय पेशी पाण्याने फुगतात आणि स्नायूत नवी प्रथिने बनवण्याची यंत्रणा चालू होते. थोडक्यात, आठ-दहा किलो वजन उचलताना स्नायूला २८ किलो उचलल्यासारखे वाटते, पण गुडघ्यावर भार मात्र आठ-दहा किलोचाच पडतो.

पुरावा काय सांगतो?

वर ज्या जपानी अभ्यासाचा उल्लेख केला, त्याची दुसरी बाजू अशी. त्यातल्या अर्ध्या रुग्णांना शस्त्रक्रियेच्या तिसऱ्या दिवसापासून रोज दोनदा, व्यायामाशिवाय, नुसता पट्ट्याचा दाब दिला: पाच मिनिटे दाब, तीन मिनिटे सैल, असे पाच वेळा. त्यांच्या मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या छेदाचे क्षेत्रफळ २१ टक्क्यांऐवजी सुमारे ९ टक्के घटले. फरक मोठा होता, पण रुग्ण सोळाच होते. २००३ मध्ये जपानमध्येच ४४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात १६ आठवडे हलक्या वजनाचा व्यायाम पट्ट्यासह करणाऱ्यांची ताकद पट्टा न बांधणाऱ्यांपेक्षा चांगली परतली.

मला सर्वांत उपयोगी वाटतो तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला ब्रिटनमधला अभ्यास. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २८ रुग्णांचे दोन गट केले. एकाने ७० टक्के वजनाने नेहमीचा जड व्यायाम केला, दुसऱ्याने ३० टक्के वजनाने पट्टा बांधून. आठ आठवड्यांनंतर दोन्ही गटांत स्नायूची जाडी आणि ताकद सारखीच वाढली होती. पण पट्टेवाल्यांना गुडघेदुखी कमी झाली आणि सूजही लवकर उतरली. म्हणजे पट्टा जड व्यायामापेक्षा सरस ठरला नाही. तो जड व्यायामाच्या बरोबरीचा ठरला, तोही कमी त्रासात. ज्याचा गुडघा जड वजन सोसत नाही, त्याच्यासाठी ही मोलाची गोष्ट आहे.

आता उलट बाजूचे पुरावेही पाहू. २०१६ मध्ये नॉर्वेतील २४ खेळाडूंवर झालेल्या अभ्यासात सुरुवातीच्या दोन आठवड्यांत पट्टा वापरूनही मांडीची झीज कमी झाली नाही. २०२० मध्ये अमेरिकेतील ३४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात जड व्यायामाला वरून पट्ट्याची जोड दिली, तर काहीच जादा फायदा दिसला नाही. हे वाचून काही जण म्हणतील, मग खरे काय? माझ्या मते या अभ्यासांत फारसा विरोध नाही. जड व्यायाम करता येत असेल तर पट्ट्याची गरज नाही, जोडीला घेतला तरी लाभ नाही. जड व्यायाम करता येत नसेल, तेव्हा पट्टा त्याची जागा काही काळ भरून काढतो. आणि हे सगळे अभ्यास लहान आहेत, त्यामुळे 'चमत्कार' हा शब्द कुणी वापरला की सावध व्हावे.

आकडा कुठून येतो?

ही पद्धत नीट करायची म्हणजे आधी त्या रुग्णाच्या त्या पायातला रक्तप्रवाह पूर्ण थांबवायला किती दाब लागतो, हे मोजायचे. घोट्याजवळच्या रोहिणीवर डॉप्लर यंत्र धरतात. गरोदर बाईच्या पोटावर ठेवून बाळाचे ठोके ऐकवतात, त्याच तत्त्वावरचे हे छोटे यंत्र. पट्ट्यात हवा भरत जायचे. ज्या दाबाला रक्ताचा आवाज बंद होतो, तो त्या पायाचा पूर्ण दाब. व्यायामासाठी त्याच्या ४० ते ८० टक्के दाब ठेवतात. पूर्ण दाब २०० निघाला, तर ८० ते १६० यांच्या दरम्यान. कुठून सुरुवात करायची, हे रुग्णाला किती सोसते यावर ठरते.

हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो. मांडीचा घेर, रक्तदाब आणि पट्ट्याची रुंदी यांवर तो ठरतो. अरुंद पट्ट्याला रक्त अडवायला जास्त दाब लागतो आणि तो दाब एकाच जागी रुतून मज्जातंतूला इजा करू शकतो. म्हणून सुतळी, रबराची पट्टी, ट्यूब, ओढणी यांपैकी काहीही चालत नाही. "साधारण घट्ट बांधलं होतं" हे माप नव्हे. मित्राला सोसलेला दाब तुमच्या पायात रोहिणीही मिटवू शकतो.

व्यायामाची नेहमीची मांडणी अशी: २० ते ३० टक्के वजन, पहिल्या फेरीत ३० वेळा, मग १५-१५-१५ वेळा. दोन फेऱ्यांमध्ये अर्धा मिनिट विश्रांती. सगळे मिळून ७५ वेळा. एका व्यायामासाठी पट्टा पाच ते दहा मिनिटे, नंतर सैल. आठवड्यातून दोन-तीन दिवस. ही माहिती वाचून घरी करून पाहण्यासाठी दिलेली नाही. तुमचा फिजिओथेरपिस्ट हे करतो आहे का, हे तुम्हाला ओळखता यावे म्हणून दिली आहे. त्याने दाब मोजला नाही आणि डोळे झाकून पट्टा आवळला, तर नम्रपणे नकार द्या.

आम्हाला भीती कशाची वाटते?

जपानमध्ये या पद्धतीचा वापर करणाऱ्या केंद्रांची एक पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. १२ हजारांहून अधिक लोकांच्या त्या पाहणीत पायाच्या खोल नीलांत गुठळी होण्याचे प्रमाण ०.०५५ टक्के आणि फुप्फुसात गुठळी जाण्याचे ०.००८ टक्के होते. त्वचेखाली रक्त साकळणे मात्र १३ टक्क्यांच्या आसपास होते. एकूण चित्र दिलासा देणारे आहे. पण ती केंद्रे प्रशिक्षित लोकांची होती आणि दाब मोजून दिला जात होता, हे विसरू नये. शिवाय गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पायात गुठळी होण्याचा धोका मुळातच काही काळ वाढलेला असतो.

त्यामुळे सुरुवात करण्याआधी काही गोष्टी विचारल्याच पाहिजेत. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती का? घरात कुणाला? रक्तदाब आटोक्यात आहे का? पायाच्या शिरा फुगलेल्या आहेत का? मधुमेहामुळे किंवा तंबाखू-विडीमुळे पायाचा रक्तपुरवठा कमी झाला आहे का? कर्करोगाचे उपचार चालू आहेत का? स्त्रियांच्या बाबतीत गर्भारपण आहे का, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का? जखम भरली आहे का?

महाराष्ट्रात यात आणखी एक प्रश्न जोडायला हवा: सिकलसेलची तपासणी झाली आहे का? विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी पट्ट्यात हा आजार घरोघरी माहीत आहे. यात प्राणवायू कमी पडला की रक्तातल्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन वाहिन्यांत अडकतात. आणि पट्ट्याचे तर कामच मुळी स्नायूत प्राणवायू कमी पाडण्याचे. सिकलसेलचा रुग्ण असेल तर हा पट्टा टाळावा, आणि फक्त वाहक असेल तरी डॉक्टरांच्या स्पष्ट सल्ल्याशिवाय बांधू नये. परदेशी व्हिडिओ पाहून ही गोष्ट गडचिरोलीतल्या मुलाला कळणार नाही. ती इथल्या डॉक्टरनेच विचारायला हवी.

व्यायामानंतर पोटरी एका बाजूला दुखून सुजली, अचानक दम लागला किंवा छातीत दुखले, पाय बधिर राहिला, लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर "उद्या बघू" म्हणू नका. काळी लघवी म्हणजे स्नायू मोठ्या प्रमाणावर तुटून त्यातली द्रव्ये मूत्रपिंडात जात आहेत, अशी शंका घ्यावी लागते. असे क्वचित होते, पण झाले तर तास-तास मोलाचा असतो.

पट्टा काय करू शकत नाही

पट्ट्याने मांडी भरण्याला मदत होते. ग्राफ्ट रुजण्याचा वेग मात्र त्याने वाढत नाही. तोल, उडीवरून नीट उतरणे, धावता धावता दिशा बदलणे, मनातली भीती जाणे यांतले काहीही पट्ट्याने येत नाही. नॉर्वेतल्या एका अभ्यासात असे दिसले, की शस्त्रक्रियेनंतर पाय पिळवटणाऱ्या खेळांत परतणे नऊ महिन्यांपर्यंत जितके लांबवले, तितके पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण दर महिन्यामागे जवळपास निम्म्याने कमी होत गेले. दोन्ही पायांची ताकद सारखी झाल्यावर परतणाऱ्यांनाही दुखापत कमी झाली. दुसरीकडे, अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत पंचविशीच्या आतल्या, खेळात परतलेल्या खेळाडूंपैकी जवळजवळ चारातल्या एकाला त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याची पुन्हा तीच दुखापत झाल्याचे दिसते.

क्रिकेटपटू ऋषभ पंत याचा ३० डिसेंबर २०२२ रोजी मोटार अपघात झाला, जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली आणि मार्च २०२४ मध्ये तो आयपीएलच्या मैदानावर उतरला. त्याच्या दुखापती मोठ्या होत्या, हे खरे. पण ज्याच्या दिमतीला बंगळुरूची राष्ट्रीय क्रिकेट अकादमी होती, त्यालाही चौदा महिन्यांहून अधिक काळ द्यावा लागला. मग पोलीस भरतीची तारीख जवळ आली म्हणून पाचव्या महिन्यात धावायला निघालेल्या मुलाला काय सांगायचे? त्याची निकड खोटी नसते, वयाची अट त्याची वाट पाहत नाही. पण दुसऱ्यांदा दोर तुटला तर त्या भरतीसोबत पुढच्या भरत्याही जातात. हे त्याला शस्त्रक्रियेआधीच, आईवडिलांसमोर, कुणीतरी स्वच्छ सांगायला हवे.

दुसऱ्या निम्म्या उपचाराचे काय?

सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत किंवा अल्प खर्चात होते. ही चांगलीच गोष्ट आहे. शस्त्रक्रियेचा आकडा नोंदला जातो, अहवालात जातो. त्या रुग्णाची मांडी सहा महिन्यांनी किती भरली, हा आकडा कुणी मागत नाही. फिजिओथेरपीला आठवड्यातून दोनदा यायचे, तर खेड्यातल्या माणसाला एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्याचाही दिवस मोजावा लागतो. तिसऱ्या आठवड्यानंतर तो येणे बंद करतो आणि आम्ही कागदावर 'पुढील तपासणीस आला नाही' असे लिहून मोकळे होतो.

व्यायामाचे वजन किती मोठे आहे, हे दाखवणारा एक अभ्यास २०१० मध्ये स्वीडनमधून आला. एसीएल तुटलेल्या १२१ तरुण, हालचाली माणसांपैकी अर्ध्यांची लवकर शस्त्रक्रिया केली. उरलेल्यांना आधी पद्धतशीर व्यायाम दिला आणि गरज वाटली तरच शस्त्रक्रियेची मुभा ठेवली. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांची प्रकृती सारखी होती, आणि दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून अधिक लोकांना शस्त्रक्रिया लागलीच नव्हती. याचा अर्थ शस्त्रक्रिया निरुपयोगी असा मुळीच नाही. कुणाला करायची, हे सर्जनने गुडघा पाहून ठरवायचे. पण व्यायाम हा शस्त्रक्रियेच्या शेपटीला बांधलेला उपचार नव्हे, एवढे त्यातून नक्की कळते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. शस्त्रक्रियेची तारीख देतानाच रुग्णाच्या हातात पुढच्या नऊ महिन्यांच्या व्यायामाच्या तारखा द्याव्यात. त्यांतल्या शक्य तेवढ्या तारखा त्याच्या तालुक्याच्या गावी असाव्यात आणि त्यासाठी तिथे फिजिओथेरपिस्टचे पद भरलेले असावे. मधल्या भेटी व्हिडिओ कॉलवर व्हायला हरकत नाही. दोन्ही मांड्यांची ताकद मोजून, लिहून मगच 'खेळायला हरकत नाही' असा शेरा द्यावा. मोठ्या सरकारी रुग्णालयांत रुंद पट्टा, दाब मोजण्याची सोय आणि एक हातातले डॉप्लर ठेवावे, म्हणजे ज्यांना पट्ट्याची खरी गरज आहे त्यांना तो सुरक्षितपणे मिळेल. दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियेच्या सामग्रीपुढे हा खर्च किरकोळ आहे. आणि जिमवाल्यांनी, शस्त्रक्रिया झालेल्या पायाला डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय पट्टा लावू नये.

तोवर ज्यांना पट्टा मिळणार नाही त्यांनी खट्टू होऊ नये. जगातल्या बहुतेक बऱ्या झालेल्या गुडघ्यांनी पट्टा पाहिलेला नाही. पहिल्या आठवड्यांत टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून गुडघा पूर्ण सरळ करणे, मांडी आवळून दहापर्यंत मोजणे, सरळ पाय उचलणे, घोटा वर-खाली हलवत राहणे, सूज उतरावी म्हणून पाय उंच ठेवून बर्फाचा शेक घेणे. पुढे खुर्चीतून उठ-बस, पायरीची चढउतार आणि मग हळूहळू वजन. यातले कोणते केव्हा सुरू करायचे, हे तुमच्या सर्जनला आणि फिजिओथेरपिस्टला विचारूनच ठरवा, कारण गुडघ्यातली गादी शिवली असेल तर वाकवण्याचे आणि भार टाकण्याचे नियम बदलतात. मांडीचा घेर दर पंधरवड्याला शिंप्याच्या टेपने वाटीपासून ठरावीक अंतरावर मोजा, दोन्ही पायांचा मोजा आणि तारखेसह वहीत लिहून ठेवा.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा ती वही सोबत न्या आणि डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. माझ्या दुसऱ्या पायाच्या मानाने या पायाची ताकद किती टक्के आहे? माझ्या गुडघ्याला जड व्यायाम सोसतो आहे का, की मला पट्ट्याची गरज आहे? आणि पट्टा द्यायचा असेल, तर माझा दाब कोण मोजणार?